बोरीच्या राखेचं वय

नाणेघाटाच्या अलीकडे पूर गावाजवळ कुकडी उगम पावते, एका हाताला शिवनेरी आणि दुसऱ्या हाताला लेण्याद्री ठेवून जुन्नरच्या सपाटीत येते, येडगावच्या धरणात थांबते आणि पुढे आळेफाट्याच्या दक्षिणेला बोरी बुद्रुकच्या शिवारातून जाते. इथे नदीने आपलेच जुने काठ कापून उघडे केले आहेत. खाली गोट्यांचा सिमेंटसारखा घट्ट थर, वर पिवळसर तांबूस गाळ, आणि या दोघांच्या मधे ठिकठिकाणी फिकट करड्या रंगाची एक पट्टी. ती माती नाही, चुनखडीही नाही. बोटांत चुरली की तिची बारीक खरखर लागते. चिमूटभर पावडर सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर काचेचे वक्र तुकडे दिसतात. फुगून फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींचे ते अवशेष आहेत. अशी काच एकाच ठिकाणी तयार होते, ते म्हणजे ज्वालामुखीच्या स्फोटात.

१९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले शरद राजगुरू, रवी कोरीसेट्टर, शीला मिश्रा, आर. के. गंजू आणि त्यांच्यासोबत भूगोलाचे विश्वास काळे पुणे जिल्ह्यातल्या नद्यांचे काठ वाचत हिंडत होते. वाचणं हाच त्या कामाला योग्य शब्द आहे. कोणत्या पुरात गोटे आले, कोणत्या संथ काळात गाळ बसला, नदी कुठे सरकली, हे सगळं काठाच्या छेदात लिहिलेलं असतं. बोरीला गोट्यांच्या थरात त्यांना दगडी हत्यारं मिळाली. पेअरच्या फळाच्या आकाराच्या हातकुऱ्हाडी होत्या आणि रुंद सरळ धारेची क्लीव्हर होती. पुरातत्त्वात या घडणीला अश्युलियन म्हणतात. ती आपल्या जातीच्या माणसाच्या कितीतरी आधीच्या माणसांची आहे. या हत्यारांच्या वरच्या अंगाला राखेचा थर होता.

पुरातत्त्वज्ञाला याहून मोठी देणगी मिळत नाही. नदीकाठच्या दगडी हत्याराला स्वतःचं वय सांगता येत नाही. ज्या बेसाल्टपासून ते घडवलं त्याचं वय काढता येतं, पण तो खडक कधी थिजला आणि माणसाने तो कधी फोडला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राख मात्र आकाशातून एकदाच पडते. ती कधी पडली हे कळलं, तर तिच्याखालचं सगळं तिच्याआधीचं ठरतं. बोरीची हत्यारं किती जुनी, हा प्रश्न म्हणून राखेच्या वयाशी बांधला गेला. हे वय शोधताना गेल्या चार दशकांत जे घडलं त्यात अहमदाबादची प्रयोगशाळा आहे, सुमात्रा बेटावरचं सरोवर आहे आणि अणुभट्ट्याही आहेत. जुन्नरच्या नदीकाठाचा अणुभट्टीशी काय संबंध, असं वाचकाला वाटेल. संबंध थेट आहे, आणि तो नीट समजून घ्यावा असा आहे.

आधी जे घड्याळ उपयोगी नव्हतं त्याबद्दल. पुरातत्त्व म्हटलं की लोकांना कार्बन-१४ आठवतो. याच भागातल्या घोड नदीने त्याची करामत पाहिली आहे. घोड आंबेगावच्या डोंगरात, अहुप्याच्या बाजूला उगम पावते, डिंभ्याच्या धरणातून पुढे शिरूर तालुक्यात जाते, आणि तिथे तिच्या काठी इनामगाव आहे. १९६८पासून पंधराएक वर्षं ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वस्ती खणली. तिथल्या जळक्या धान्याची आणि कोळशाची वयं कार्बन-१४ने काढली गेली, आणि साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० असा त्या शेतकऱ्यांचा काळ हाती आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम सुरू झालं होतं, पुढे ते अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत गेलं. पण कार्बन-१४चं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं. पन्नास हजार वर्षांपलीकडे त्यातलं जवळजवळ काहीच शिल्लक उरत नाही. बोरीच्या राखेसाठी फार सावकाश चालणारं घड्याळ हवं होतं.

ते पोटॅशियममध्ये सापडतं. नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात टोमॅटोला, द्राक्षांना पालाशाचं खत टाकणाऱ्या प्रत्येकाच्या हातून पोटॅशियम जातं. निसर्गातल्या पोटॅशियमचे तीन समस्थानिक आहेत. म्हणजे प्रोटॉन सारखे, न्यूट्रॉनची संख्या वेगळी. पोटॅशियम-३९ सर्वांत जास्त, शेकडा ९३ हून अधिक. पोटॅशियम-४० अगदी थोडं, दहा हजारांत जेमतेम एक अणू, पण तेच किरणोत्सारी असतं. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. मोडणाऱ्या शंभर अणूंपैकी सुमारे ८९ कॅल्शियम होतात आणि ११ आर्गॉन-४० होतात. आर्गॉन हा वायू कुणाशी संयोग पावत नाही. लाव्हा वितळलेला असतो तेव्हा तो निसटून जातो, स्फटिक थिजले की आत अडकून राहतो. त्या क्षणापासून घड्याळ शून्यावरून चालू होतं. आत किती आर्गॉन साठलं आणि किती पोटॅशियम आहे, एवढं मोजलं की वय मिळतं.

बोरीच्या राखेचं पहिलं वय असं निघालं. फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतले टी. आर. वेंकटेशन आणि बी. एल. के. सोमयाजुलू, दिल्ली विद्यापीठाचे एस. के. टंडन, डेक्कन कॉलेजचे व्ही. डी. गोगटे हेही आता या कामात होते. १९८८-८९च्या सुमारास जाहीर झालेला आकडा होता सुमारे १४ लाख वर्षं.

त्या आकड्याचं वजन समजून घ्यायला हवं. त्यावेळी भारतातल्या हातकुऱ्हाडी बहुतेक अभ्यासक तीन-चार लाख वर्षांच्या आसपास ठेवत असत. आफ्रिकेत अश्युलियन घडण सतरा लाख वर्षांपलीकडे जाते. बोरीची राख खरंच चौदा लाख वर्षांची असेल, तर त्या घडणीची माणसं फार लवकर, आफ्रिकेबाहेर पडल्यावर लगेचच म्हणावं इतक्या लवकर, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पोहोचली होती. जुन्नर तालुक्यातलं एक गाव जगातल्या पुरापाषाण अभ्यासाच्या नकाशावर आलं. शंकाही त्याच दिवसापासून सुरू झाल्या.

शंकेचं एक मूळ त्या पद्धतीतच होतं. पोटॅशियम हा घन पदार्थ, आर्गॉन वायू. दोन्ही एकाच दाण्यात मोजता येत नाहीत. नमुन्याचे दोन भाग करायचे, एकात रासायनिक रीतीने पोटॅशियम मोजायचं, दुसरा वितळवून त्यातलं आर्गॉन मोजायचं, आणि दोन्ही भाग अगदी एकसारखे होते असं धरून चालायचं. काठावरच्या राखेत हे धरून चालणं धोक्याचं असतं. त्यातून मिळतो तो फक्त एक आकडा. तो खरा की मिसळीचा, हे त्या आकड्याकडे पाहून कळत नाही.

या अडचणीवरचा उपाय १९६०च्या दशकात सापडला होता, आणि तो अणुभट्टीतून आला. आइसलँडच्या थोर्ब्यॉर्न सिगुर्गीरसन यांनी १९६२मध्ये कल्पना मांडली होती. अमेरिकेत क्रेग मेरिह्यू आणि ग्रेनव्हिल टर्नर यांनी उल्कांच्या दगडांवर ती करून दाखवली. त्यांचा शोधनिबंध १९६६मध्ये आला, तेव्हा मेरिह्यू हयात नव्हते. आदल्या वर्षी माउंट वॉशिंग्टनवर गिर्यारोहणात त्यांचा मृत्यू झाला होता.

त्यांची युक्ती अशी. पोटॅशियम आणि आर्गॉन एकत्र मोजता येत नसतील, तर पोटॅशियमचंच थोडं आर्गॉन करून टाकायचं. अणुभट्टीच्या गाभ्यात युरेनियमचे अणू फुटत असतात आणि प्रत्येक फुटण्यातून दोन-तीन वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतात. असा न्यूट्रॉन पोटॅशियम-३९च्या अणुकेंद्रावर आदळला, की कधीकधी तो आत शिरतो आणि एक प्रोटॉन बाहेर फेकला जातो. प्रोटॉन एकाने कमी झाला म्हणजे ते मूलद्रव्य पोटॅशियम राहिलं नाही. ते आर्गॉन-३९ झालं. या आर्गॉन-३९चं अर्धायुष्य २६९ वर्षांचं. जुन्या दगडांत ते नसतंच, म्हणून जे सापडेल ते सगळं भट्टीतलं. आता त्याच दाण्यातून एकाच वेळी दोन आर्गॉन निघतात. आर्गॉन-४० कालाचं, आर्गॉन-३९ पोटॅशियमचं. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये दोघांचं प्रमाण मोजलं की काम झालं. दगडाचे दोन तुकडे करण्याची गरज संपली.

अणुभट्टीत समस्थानिक बनवण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांतलीच ही एक. ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' सुरू झाली. इंधन ब्रिटनहून आलं होतं, बांधणी इथल्या तंत्रज्ञांची. १० जुलै १९६०ला कॅनडाच्या मदतीने उभारलेली ४० मेगावॉटची 'सायरस' आणि ८ ऑगस्ट १९८५ला १०० मेगावॉटची 'ध्रुव' चालू झाली. ध्रुवचं इंधन नैसर्गिक युरेनियम, त्यात न्यूट्रॉनची गती कमी करायला जड पाणी. बातम्यांत या भट्ट्यांचं नाव बहुधा अणुबॉम्ब आणि करारांच्या संदर्भात येतं. त्यांचं रोजचं काम मात्र पुष्कळसं समस्थानिकांचं. काही वेळा न्यूट्रॉन अणुकेंद्रात नुसता शोषला जातो. साधा कोबाल्ट-५९ असा कोबाल्ट-६० होतो, ज्याच्या गॅमा किरणांनी कर्करोगावर उपचार होतात आणि ज्याच्या किरणांखाली २००२ सालापासून लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कांद्याचे कोंब थोपवले जातात. काही वेळा शोषलेला न्यूट्रॉन पुढची साखळी सुरू करतो. टेल्युरियम-१३०चं टेल्युरियम-१३१ होतं आणि ते मोडून आयोडीन-१३१ बनतं. हेच आयोडीन थायरॉइडच्या रुग्णांना दिलं जातं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने १९६३पासून ते काम केलं. आणि काही वेळा वेगवान न्यूट्रॉन आत जातो, प्रोटॉन बाहेर पडतो. गंधक-३२चं असं फॉस्फरस-३२ बनतं. झाडाच्या मुळांनी दिलेल्या खतातलं स्फुरद किती उचललं, हे त्याच्या मदतीने शोधता येतं. पोटॅशियम-३९चं आर्गॉन-३९ होणं हे याच जातीचं. फरक हेतूचा आहे. बाकीचे समस्थानिक भट्टीबाहेर काढून वापरण्यासाठी बनवले जातात. आर्गॉन-३९ दाण्याच्या आतच राहतं, आणि त्याच दाण्याबद्दल साक्ष देतं.

प्रत्यक्ष काम शब्दांत सोपं वाटतं, हातांना सोपं नाही. नमुना धुऊन, चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा वेचावा लागतो. वेचलेले दाणे ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळले जातात. त्यांच्यासोबत ज्याचं वय पक्कं माहीत आहे असं एक खनिज ठेवतात. भारतातल्या प्रयोगशाळांत मिनेसोटाचं हॉर्नब्लेंड फार वापरलं गेलं, त्याचं वय सुमारे ५२ कोटी वर्षं. भट्टीत सगळीकडे न्यूट्रॉन सारखे नसतात, म्हणून शुद्ध निकेलच्या तारा सोबत घालतात, कुठे किती मारा झाला ते त्यांवरून कळतं. कॅल्शियमपासूनही नको ती आर्गॉनं तयार होतात, त्यांची वजाबाकी करता यावी म्हणून कॅल्शियम फ्लोराइड आणि पोटॅशियम सल्फेट हे क्षारही बरोबर जातात. दख्खनच्या खडकांवरच्या कित्येक मोजणींत असे डबे ट्रॉम्बेच्या ध्रुव भट्टीत शंभरेक तास ठेवले गेले. बाहेर काढल्यावर ते लगेच उघडता येत नाहीत. अल्पायुषी किरणोत्सार निवेपर्यंत वाट पाहायची, पण फार नाही, कारण कॅल्शियमची वजाबाकी ज्यावर चालते ते आर्गॉन-३७ पस्तीस दिवसांत निम्मं होतं. मग दाणे भट्टीत, आता विजेच्या भट्टीत, टप्प्याटप्प्याने तापवायचे. कमी तापमानाला स्फटिकाच्या कडेचा वायू सुटतो, जास्त तापमानाला गाभ्यातला. प्रत्येक टप्प्याचं वेगळं वय निघतं. सगळ्या टप्प्यांचं वय एकच आलं तर विश्वास ठेवावा. चढउतार आले तर दाण्याने काहीतरी सोसलंय किंवा त्यात काहीतरी मिसळलंय असं समजावं.

या पद्धतीची ताकद आंबेगावच्या डोंगरात दिसते. भूशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या लाव्हाच्या थरांना एकावर एक अशी नावं दिली आहेत. त्यांत एका थरसमूहाचं नाव भीमाशंकर आहे. त्याच्या खाली ठाकूरवाडी, नेरळ, इगतपुरी, जव्हार, वर खंडाळा, बुशे, आणि मग दक्षिणेकडे पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. जुन्या पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने दख्खनच्या या खडकांची वयं काढली, तेव्हा ती कोट्यवधी वर्षांच्या फरकाने विखुरलेली आली. पावसाने कुजलेल्या बेसाल्टातलं आर्गॉन निसटलं होतं. १९८८मध्ये रॉबर्ट डंकन आणि डग्लस पाइल यांनी घाटातल्या उभ्या छेदांवर अणुभट्टीची पद्धत वापरली आणि वयं साडेसहा-सात कोटींच्या आसपास गोळा झाली. वेंकटेशन, कांचन पांडे आणि के. गोपालन यांनीही हे काम अहमदाबादला केलं. अलीकडे बर्कलीच्या संशोधकांनी आपले नमुने ओरेगनच्या विद्यापीठातल्या छोट्या भट्टीत, कॅडमियमचं अस्तर लावलेल्या नळीत ठेवून हे वय आणखी धारदार केलं. कॅडमियम मंद न्यूट्रॉन गिळतं, वेगवान सोडतं. आज सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांच्या अखेरीच्या काळात, हे डोंगर थोड्या अवधीत रचले गेले, याबद्दल फारसा मतभेद उरलेला नाही. लेण्याद्री, तुळजा, मनमोडी या जुन्नरच्या लेण्यांचे कातळही याच उद्रेकाचे.

हा आकडा, सहा कोटी साठ लाख, बोरीसाठी लक्षात ठेवावा लागेल.

बोरीच्या राखेवरही नवी पद्धत चालवली गेली. १९९५मध्ये शीला मिश्रा, वेंकटेशन, राजगुरू आणि सोमयाजुलू यांनी निष्कर्ष मांडला की राख सुमारे ६ लाख ७० हजार वर्षांची आहे. चौदा लाखांवरून आकडा निम्म्यावर आला. तरीही द्वीपकल्पातली ती सर्वांत जुनी अश्युलियन हत्यारं होती, आणि निबंधाचा दावाही तोच होता.

त्याच्या दोन वर्षं आधी जर्मनीच्या पी. हॉर्न आणि सहकाऱ्यांनी त्याच राखेवर तीन वेगवेगळी घड्याळं लावून पाहिली होती, पोटॅशियम-आर्गॉन, थर्मोल्युमिनेसन्स (तापवल्यावर सुटणाऱ्या प्रकाशावरून वय काढणं) आणि विखंडनरेषा. आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. यांतली विखंडनरेषांची पद्धतही अणुभट्टीशिवाय चालत नाही. काचेतल्या युरेनियम-२३८चे काही मोजके अणू आपोआप फुटतात आणि काचेत सूक्ष्म ओरखडा सोडतात. ओरखडे मोजले की किती अणू फुटले ते कळतं. मुळात युरेनियम किती होतं ते कळण्यासाठी तोच तुकडा भट्टीत ठेवायचा, मंद न्यूट्रॉन युरेनियम-२३५ फोडतात, नव्या ओरखड्यांची गणती करायची. अडचण एवढीच, की काच उन्हाळ्यांमागून उन्हाळे सोसत राहिली तर जुने ओरखडे हळूहळू बुजतात आणि वय खोटं तरुण दिसतं.

तोवर एक वेगळाच प्रश्न समोर आला होता. ही राख आली कुठून? पुण्याच्या आसपास एवढ्यात ज्वालामुखी नव्हता. दख्खनचे ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वी निवले होते. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात १९८०च्या सुरुवातीला अशीच राख सापडली होती. १९८७मध्ये विल्यम रोझ आणि क्रेग चेसनर यांनी ती सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची असल्याचं दाखवलं. तोबा आता शंभर किलोमीटर लांब आणि तीस किलोमीटर रुंद असं सरोवर आहे. स्फोटात डोंगर रिकामा होऊन खचला, त्या खळग्यात पाणी साचलं. बोरीपासून ते सव्वातीन हजार किलोमीटर दूर. तोबाचे मोठे उद्रेक तीन, सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीचा, पाच लाखांपूर्वीचा आणि शेवटचा, सर्वांत प्रचंड, सुमारे पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख तोबाची, हे पटकन मान्य झालं. कोणत्या तोबाची, यावर भांडण पेटलं.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एस. के. आचार्य आणि पी. के. बसू यांनी १९९३मध्ये भारतातली सगळी राख एकाच, म्हणजे शेवटच्या उद्रेकाची आहे असं म्हटलं. १९९५मध्ये फिल शेन, जॉन वेस्टगेट, मार्टिन विल्यम्स आणि कोरीसेट्टर यांनी काचेच्या रसायनावरून तेच सांगितलं. या यादीतलं शेवटचं नाव थांबायला लावतं. चौदा लाखांच्या पहिल्या निबंधावर ज्यांचं नाव होतं, त्यांनीच आता पंच्याहत्तर हजारांच्या बाजूने सही केली. पुराव्यामागे जाण्याची ही तयारी मला फार मोलाची वाटते. १९९८मध्ये वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी शीर्षकातच निकाल देऊन टाकला, की द्वीपकल्पातली तोबाची सगळी राख पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची आहे. शीला मिश्रा आणि काही सहकारी मात्र बोरी आणि कऱ्हेकाठच्या मोरगावची राख जुन्या उद्रेकाची आहे या मतावर राहिले. त्यांचा आधार आर्गॉनचं मोजमाप आणि हत्यारांची जुनी घडण हा होता.

मग सहा लाख सत्तर हजार हा आकडा आला कसा? वेंकटेशन यांची प्रयोगशाळा कच्ची नव्हती, दख्खनच्या खडकांवरचं तिचं काम टिकून आहे. उत्तर त्या आधी सांगितलेल्या आकड्यात असू शकतं. पंच्याहत्तर हजार वर्षांत पोटॅशियम-४०च्या दहा लाख अणूंमागे जेमतेम चाळीस मोडतात आणि त्यातले चार-पाचच आर्गॉन होतात. इतक्या तरुण राखेत आर्गॉन जवळजवळ नसतंच. त्यात कुकडीच्या पाण्याने बेसाल्टचा कण आणून मिसळला तर? त्याच्याजवळ सहा कोटी साठ लाख वर्षांची साठवण असते. गणित कागदावर मांडून पाहा. नमुन्यातल्या एकूण पोटॅशियमपैकी शेकडा एक भाग जरी अशा कणांचा असला, तरी पंच्याहत्तर हजारांची राख सात लाख तीस हजार वर्षांची वाटेल. शेकडा दोन भाग असला तर तेरा लाख नव्वद हजारांची. बेसाल्टात पोटॅशियम राखेच्या मानाने फारच कमी असतं, तेव्हा वजनात हा वाटा बराच मोठा लागेल, शेकडा दहाच्याही वर. तो नजरेतून सुटणं अवघड आहे, पण नदीकाठच्या, पुराने पुन्हा वाहून आणून बसवलेल्या राखेत तो अशक्य नाही. हे गणित दोषारोप करत नाही. एवढंच दाखवतं, की पहिले दोन्ही आकडे मिसळीतूनही नेमके याच टापूत पडू शकतात.

इथे अणुभट्टीची मर्यादा स्पष्ट होते. ट्रॉम्बे असो की ओरेगन, भट्टी दाण्याला फक्त बोलतं करते. कोणता दाणा आत घालायचा हे आधी कुकडीच्या काठावर आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं. म्हणून पुढच्या काळात जगभर ओंजळभर राख एकत्र वितळवण्याऐवजी एकेक स्फटिक लेझरने वितळवून त्याचं वेगळं वय काढण्याकडे कल वळला. एखादा परका कण शिरला तर तो एकटाच वेगळा दिसतो, इतरांना बिघडवत नाही. काचेचंही तसंच झालं. २०१४मध्ये निक पिअर्स, वेस्टगेट आणि भारतीय सहकाऱ्यांनी काचेचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र तपासून भारतातली ज्ञात राख शेवटच्या तोबाचीच असल्याचं पुन्हा सांगितलं.

बहुतेकांचा कौल आज या बाजूला आहे, आणि मलाही रसायनाचा पुरावा जड वाटतो. तरी तेवढ्याने बोरीच्या हत्यारांचं महत्त्व संपत नाही. राख पंच्याहत्तर हजारांची असली तर हत्यारं पंच्याहत्तर हजारांहून जुनी, इतकंच कळतं. किती जुनी, हे राख सांगत नाही. आंध्रात ज्वालापुरमला कोरीसेट्टर आणि मायकेल पेट्राग्लिया यांनी राखेच्या खाली आणि वरही दगडी हत्यारं शोधली, आणि २००७मध्ये सांगितलं की तोबाच्या कहरानंतरही माणसं तिथे टिकून होती. पण ती मध्य पुरापाषाण काळाची हत्यारं, बोरीपेक्षा वेगळ्या घडणीची. बोरीची हातकुऱ्हाड तोबाच्या शेवटच्या उद्रेकाच्या जरा आधी कुणी घडवली असेल, असं म्हणायला हत्यारांचे जाणकार तयार होत नाहीत.

त्यातच २०११मध्ये तामिळनाडूतून बातमी आली. शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमच्या अश्युलियन थरांचं वय सुमारे पंधरा लाख वर्षं असल्याचं दाखवलं. चौदा लाख म्हणजे फारच धाडस, असं बोरीबद्दल जे म्हटलं गेलं होतं, त्याहून मोठा आकडा भारतातूनच आला. तिथलं घड्याळ अणुभट्टीचं नव्हतं. अवकाशातून येणारे किरण जमिनीवरच्या गारगोटीत, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, ॲल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० बनवतात. गारगोटी गाळाखाली गाडली गेली की बनणं थांबतं, मोडणं सुरू राहतं. दोघांच्या गुणोत्तरावरून ती कधी गाडली गेली ते निघतं.

ही पद्धत बोरीला तशीच लावता आली असती तर वाद कधीच मिटला असता. पण तिला क्वार्ट्झ लागतो. कुकडीचे गोटे नाणेघाटाकडच्या बेसाल्टचे, आणि बेसाल्टात क्वार्ट्झचे स्फटिक नसतात. खडकांच्या पोकळ्यांत साठलेली अकीकासारखी गारगोटी तेवढी मिळते, आणि तीही गोट्यांच्या मानाने थोडी. त्यामुळे बोरी बुद्रुकच्या गोट्यांच्या थरातल्या हातकुऱ्हाडींना वय देणारं जवळचं घड्याळ आजही ती करडी पट्टीच आहे. तिच्यातले मोजके स्फटिक वेचून, एकेक करून पुन्हा भट्टीत ठेवण्याजोगे आहेत. अप्सरा २००९मध्ये बंद झाली, सायरस २०१०च्या अखेरीस. जुन्या अप्सरेच्या जागी २०१८च्या सप्टेंबरपासून नवी, दोन मेगावॉटची अप्सरा चालते आहे, आणि ध्रुवही. भट्ट्यांची वाण नाही. आधी काठावरचा तो छेद शाबूत राहायला हवा. वाळू-मातीचा उपसा, शेतीसाठी सपाट केलेले काठ आणि धरणातून सोडलेली पाण्याची आवर्तनं यांत तो किती दिवस टिकेल, हा प्रश्न प्रयोगशाळेतल्या कुणाच्याही आधी जुन्नरकरांच्या हातातला आहे.